रस्त्यापासून नळापर्यंत

अमेरिकेतल्या जुन्या घरात तळघरात उतरायचे आणि रस्त्याच्या बाजूची भिंत शोधायची. पाण्याचा पाइप तिथून आत येतो. तो मळकट राखाडी दिसला तर नाण्याच्या कडेने हलकेच खरवडून पाहायचा. आत चांदीसारखी चकाकी दिसली, धातू मऊ लागला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर पाइप शिशाचा आहे. शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट अशा शहरांत हे पाइप आजही मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ साली केलेल्या अंदाजानुसार देशभरात असे सुमारे ९२ लाख पाइप जमिनीखाली होते. न्यू जर्सीत किंवा शिकागोत लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला जाऊन सहा महिने राहणाऱ्या मराठी आया त्याच नळाच्या पाण्यात बाळाची दुधाची भुकटी कालवतात. विषय दूरचा वाटला तरी परका नाही.

जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात शिसे जवळजवळ नसतेच. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिन्या सहसा लोखंडाच्या असतात. पाणी बिघडते ते रस्ता सोडून घराकडे वळल्यावर, शेवटच्या काही मीटरच्या नळजोडणीत. ही जोडणी नेमकी कोणाची? बऱ्याच शहरांत रस्त्यापासून हद्दीपर्यंतचा तुकडा पाणीपुरवठा विभागाचा आणि पुढचा घरमालकाचा मानला जातो. गेल्या पंचवीस वर्षांतल्या घटना एकापुढे एक ठेवल्या, तर रसायनशास्त्र अवघड होते म्हणून लोक आजारी पडले असे कुठेच दिसत नाही. त्या शेवटच्या तुकड्याची जबाबदारी कोणी घ्यायची हे न ठरल्यामुळे ते विष पीत राहिले.

शिशाचे शरीरात काय होते हे आधी पाहू. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवते. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटू लागते, तेव्हा आईच्या लहानपणी साठलेले शिसेही त्याबरोबर सुटते. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका भाग मोठ्या माणसाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलांच्या शरीरात शोषला जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घडत असलेल्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो : बुद्ध्यंक घसरतो, लक्ष टिकत नाही, शिकण्यात अडथळे येतात. हे नुकसान भरून येत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे खराब होतात. ज्याच्या खाली शिसे निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादाही तात्पुरती आहे आणि ती गाठता येण्याजोगी म्हणून ठेवलेली आहे, सुरक्षित म्हणून नव्हे. त्यात पाण्यातल्या शिशाला रंग, वास, चव काहीच नसते. पाणी गढूळ आले तर आई ते फेकून देते. स्वच्छ दिसणारे पाणी ती बाळाला पाजते.

एवढे वाईट असूनही शिसे का वापरले? ते मऊ असते, हवे तसे वाकते, जमीन हलली तरी तुटत नाही, गंजून बुजत नाही आणि त्या काळच्या लोखंडी पाइपापेक्षा कितीतरी जास्त टिकते. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या नगर अभियंत्यांना ते आवडले. धोका मात्र तेव्हाही माहीत होता. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वीच शिशापेक्षा मातीच्या नळांचे पाणी आरोग्याला बरे, असे लिहून ठेवले होते. इंग्लंडमध्ये शेफिल्ड शहराला डोंगराळ दलदलीतले मऊ, आम्लधर्मी पाणी मिळत असे. १८८० च्या दशकात तिथे शिशाच्या विषबाधेची साथच आली. तरीही १९२८ मध्ये अमेरिकेतल्या शिसे उत्पादकांनी संघटना उभारली, आणि तिने प्लंबरांना व नगरपालिकांना गाठून शिशाच्या पाइपांचा जोरदार प्रचार केला. शिकागोच्या नियमावलीत तर घराकडची जोडणी शिशाचीच असली पाहिजे असे बंधन होते. ते १९८६ साली सुटले, कारण त्या वर्षी केंद्रीय कायद्याने पिण्याच्या पाण्यासाठी शिशाच्या पाइपांवर बंदी घातली. शिकागोत आजही सुमारे चार लाख शिशाच्या जोडण्या आहेत. इतक्या अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात नाहीत.

पाइप शिशाचा आहे म्हणजे पाण्यात शिसे असणारच, असे मात्र नाही. खटकणारी गोष्ट हीच आहे, कारण याच सवलतीच्या आधारे दशके निघून गेली. पाण्यातल्या क्षारांमुळे पाइपाच्या आत पापुद्रा धरतो. तो घट्ट बसला तर पाणी आणि धातू यांच्यात पडदा राहतो. पाणी जड असेल तर पापुद्रा लवकर धरतो. मऊ आणि आम्लधर्मी पाणी तो धरू देत नाही. म्हणून पाण्याचा सामू (पीएच) वाढवतात किंवा त्यात थोडे ऑर्थोफॉस्फेट मिसळतात. त्याचा शिशाशी संयोग होऊन न विरघळणारा थर बसतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला लॉक कॅटरिन तलावाचे अतिशय मऊ पाणी १८५९ पासून मिळते, आणि शहरात शिशाचे पाइप व टाक्याही भरपूर होत्या. तिथे १९७८ मध्ये चुना आणि १९८९ मध्ये ऑर्थोफॉस्फेट मिसळायला सुरुवात झाली, आणि लोकांच्या रक्तातले शिसे स्पष्टपणे उतरले. हा उपाय खरा आहे, स्वस्तही आहे. पण तो शिशाशी केलेला तह आहे. पाण्याचे रसायन बदलले की तह मोडतो.

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, तो असाच मोडला. क्लोरीनपासून तयार होणारी घातक उपद्रव्ये कमी करावीत, या चांगल्या हेतूने नोव्हेंबर २००० मध्ये तिथे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली. क्लोरीनच्या सान्निध्यात पाइपांत शिशाच्या डायऑक्साइडचा जो स्थिर थर वर्षानुवर्षे तयार झाला होता, तो क्लोरामाइनमुळे विरघळू लागला. काही घरांत लिटरला ३०० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले. नागरिकांना ते कळले जानेवारी २००४ मध्ये, तेही वर्तमानपत्रातून. मग घाईघाईने पाइप बदलणे सुरू झाले, पण रस्त्याच्या बाजूचा सरकारी तुकडाच बदलला जाई. घरमालकाचा शिशाचा तुकडा जागेवरच राही. हजारो घरांत अर्धाच पाइप बदलला गेला. कापताना पापुद्रा हादरून सुटे, आणि जिथे नव्या तांब्याचा आणि जुन्या शिशाचा सांधा येई तिथे दोन धातूंमुळे गंज आणखी वेगाने चढे. अशा घरांत शिसे काही काळ कमी होण्याऐवजी वाढले. पाइपाच्या मालकीची रेघ जमिनीखाली आखली की ती लेकरांच्या रक्तात कशी उतरते, ते इथे दिसले.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंटची गोष्ट याहून कठोर आहे. सुमारे एक लाख वस्तीचे हे शहर, निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, मोटार कारखाने उठून गेल्यावर दरिद्री झालेले. शहराचा खर्च आटोक्यात आणण्यासाठी राज्याने तिथे आणीबाणी व्यवस्थापक नेमला होता. त्यामुळे निवडून आलेल्या नगरसेवकांच्या हाती फारसे काही उरले नव्हते. फ्लिंट डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचे, ऑर्थोफॉस्फेट मिसळलेले पाणी विकत घेत असे. पैसा वाचवण्यासाठी २५ एप्रिल २०१४ ला ते बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सोडण्यात आले. या पाण्यात क्लोराइड जास्त होते, म्हणजे ते धातू खाणारे होते. आणि गंज रोखण्याचे रसायन त्यात घातलेच नाही. त्याला दिवसाला शे-दीडशे डॉलर लागले असते, असे अंदाज पुढे मांडले गेले.

पाणी तपकिरी आले, त्याला वास येऊ लागला, अंगावर पुरळ उठू लागले. उन्हाळा संपता संपता त्यात जिवाणू सापडले, म्हणून क्लोरीन वाढवले, आणि क्लोरीनची उपद्रव्ये मर्यादेबाहेर गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी यंत्राच्या भागांना गंज चढवते म्हणून वेगळ्या पाण्याची सोय करून घेतली. कारखान्याला ती सोय मिळाली. शहरातल्या बायाबापड्यांना मात्र पाणी सुरक्षित आहे असेच आणखी वर्षभर सांगितले गेले. मार्च २०१५ मध्ये नगरसभेने ७ विरुद्ध १ मतांनी डेट्रॉइटच्या पाण्याकडे परत जाण्याचा कौल दिला, तोही व्यवस्थापकाने नाकारला.

ली-अॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईने पाठपुरावा करून आपल्या नळाची तपासणी करून घेतली. लिटरला आधी १०४, मग ३९७ मायक्रोग्रॅम. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने तिच्या घरचे नमुने घेतले, त्यातल्या एकात १३,२०० आढळले. अमेरिकन नियमानुसार ५,००० च्या वर शिसे असेल तर ते द्रव्य घातक कचरा ठरते. शहराने मात्र त्या वर्षी घेतलेल्या ७१ नमुन्यांपैकी दोन बाद धरले, आणि त्यात वॉल्टर्स यांच्या घरचा नमुना होता. ते दोन वगळताच शहर कागदावर नियमात बसले. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी रुग्णालयातल्या नोंदी तपासून जाहीर केले की डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे रक्तात असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले आहे. पहिल्यांदा त्यांच्यावरच टीका झाली. १६ ऑक्टोबरला पाणी परत बदलले. दरम्यान लीजिओनेला जिवाणूच्या न्यूमोनियाने किमान १२ माणसे दगावली होती.

नंतर ६२ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई ठरली. अधिकाऱ्यांवरचे फौजदारी खटले मात्र उभे राहिले नाहीत. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोप ठेवण्याची पद्धतच चुकीची ठरवली, आणि २०२३ मध्ये सरकारी पक्षाने हात टेकले. सगळे पाइप बदलण्याचा करार २०१७ मध्ये झाला होता. जवळपास ११,००० शिशाचे पाइप बदलून झाल्याचे राज्याने न्यायालयाला कळवले ते जुलै २०२५ मध्ये. पाणी बदलले त्या वसंतात जन्मलेली मुले तोवर अकरा वर्षांची झाली होती.

मोजण्याच्या पद्धतीवर मला मुद्दाम थांबावेसे वाटते. १९९१ च्या अमेरिकन नियमाने लिटरला १५ मायक्रोग्रॅम ही कारवाईची पातळी ठरवली. पण ती प्रत्येक घराला लागू नाही. शहरातल्या नमुन्यांपैकी नव्वद टक्के नमुने तिच्याखाली असले की शहर नियमात. म्हणजे दहातले एक घर कितीही वर गेले तरी चालते. नमुने मोजक्या घरांतून घ्यायचे, आणि त्यांतही पळवाटा : नमुन्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवायला सांगायचे, नळाच्या टोकाची जाळी काढून घ्यायला सांगायचे, अरुंद तोंडाची बाटली देऊन पाणी हळू सोडायला लावायचे. शिशाचे कण पाइपातून कधी सुटतात, कधी नाही. आज स्वच्छ आलेला नमुना उद्याची हमी देत नाही. म्हणूनच 'तुमच्या शहराचे पाणी नियमात आहे' या वाक्याचा तुमच्या नळाशी संबंध असेलच असे नाही.

मग टिकाऊ उपाय कोणता? पाइप उपसून काढणे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराने हे सर्वांत आधी केले. फॉस्फेट मिसळले असते तर त्यांच्या तलावांत शेवाळ माजले असते, म्हणून २००१ पासून दहा-अकरा वर्षांत सुमारे ८,००० पाइप बदलले आणि घरमालकांना त्यांच्या तुकड्याच्या खर्चात मदत दिली. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कने आधी चूक केली. पाण्याचा सामू उतरवल्यावर त्यांचे गंजरोधक सिलिकेट निकामी झाले, आणि ते मान्य करायला वेळ लागला. पण २०१९ मध्ये त्यांनी जे केले ते इतर शहरांनी शिकण्यासारखे आहे. काउंटीने १२ कोटी डॉलरचे रोखे काढले, बदलण्याचा खर्च घरमालकावरून काढून घेतला, आणि मालक सापडत नसेल तर त्याच्या परवानगीशिवाय काम करण्याचा अधिकार शहराने घेतला. न्यूअर्कमध्ये बहुसंख्य लोक भाड्याने राहतात, घरमालक दुसऱ्याच गावी असतो. तिथे त्याच्या सहीची वाट पाहणे म्हणजे भाडेकरूच्या मुलाला शिसे पाजत राहणे. तीन वर्षांच्या आत २३,००० हून जास्त पाइप निघाले.

यानंतर न्यू जर्सीने २०३१ पर्यंत राज्यातले सगळे शिशाचे पाइप काढण्याचा कायदा केला. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पाइपांसाठी १५ अब्ज डॉलर दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरण संस्थेने कारवाईची पातळी १० वर आणली आणि बहुतेक शहरांना दहा वर्षांची मुदत दिली. युरोपीय संघ २०३६ पर्यंत मर्यादा ५ वर आणणार आहे, कॅनडाने ती २०१९ मध्येच ५ केली. आकडे उतरत आहेत. शिकागोसारख्या शहरात खोदकामाचा वेग मात्र त्या मानाने फार कमी आहे.

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी करायच्या गोष्टी सोप्या आहेत. अमेरिकेतल्या पाणी कंपन्यांना आता नळजोडण्यांची यादी तयार करून ती लोकांना उपलब्ध करून द्यावी लागते. आपला पत्ता तिथे शोधा आणि 'अज्ञात' लिहिले असेल तर तळघरात जाऊन नाण्याची परीक्षा करा. पाणी रात्रभर पाइपात थांबले असेल तर नळ काही मिनिटे वाहू द्या. प्यायला आणि स्वयंपाकाला गार पाणीच घ्या. गरम नळाचे पाणी शिसे अधिक विरघळवते. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आपल्याकडच्या आज्यांना हे सांगावे लागते, कारण 'उकळून प्या' हे आपल्या हाडात मुरलेले आहे. शिशासाठी प्रमाणित केलेला फिल्टर घ्या आणि त्याची कांडी वेळेवर बदला.

भारताचे काय? आपल्या शहरांत घराकडची जोडणी सहसा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) आणि अलीकडे प्लास्टिकची. अमेरिकेसारखे शिशाच्या पाइपांचे जाळे इथे नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या जुन्या बिडाच्या जलवाहिन्यांचे सांधे ताग कोंबून वर वितळलेले शिसे ओतून बुजवत, पण तिथे पाण्याला शिशाची फार थोडी बाजू लागते. आपला मोठा धोका अजूनही पाणी थांबले की गटाराचे पाणी आत ओढले जाण्याचा आहे. युनिसेफने २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिसे जास्त असल्याचा अंदाज मांडला. त्यामागे पाण्यापेक्षा जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे उघड्यावरचे धंदे, भेसळीची हळद, रंग आणि भांडी ही कारणे मोठी आहेत. तरीही पाणी निर्दोष नाही. पीव्हीसी पाइप उन्हा-उष्णतेत टिकावा म्हणून त्यात वर्षानुवर्षे शिशाची संयुगे घातली गेली, आणि नव्या पाइपातून ती सुरुवातीला जास्त सुटतात. या संयुगांवर बंधन आणणारे केंद्राचे नियम आले ते २०२१ मध्ये. तोवर घरोघर नळ देणारी योजना सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. पितळी नळ आणि तोट्यांतही शिसे असते. अमेरिकेतही २०१४ पर्यंत ८ टक्के शिसे असलेल्या तोटीला कायद्याने 'शिसेमुक्त' म्हणता येत असे. आपल्या मानकाने पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे आणि त्यात सवलत नाही. पण हे मोजून पाहणार कोण? घराघरांत दाखवला जाणारा टीडीएसचा मीटर यात काहीच कामाचा नाही. तो एकूण क्षार मोजतो, शिशाचे अब्जांश त्याला दिसत नाहीत.

आणि इथेही प्रश्न त्याच तुकड्याचा आहे. मीटरपर्यंत महापालिका, पुढे सोसायटी. भूमिगत टाकी, गच्चीवरची टाकी, त्यांना जोडणारे पाइप, प्रत्येक घरातल्या तोट्या हे सगळे सभासदांच्या खर्चाने बसते आणि ठेकेदार स्वस्त मिळेल ते बसवतो. पुढच्या वेळी सोसायटीच्या सभेत पाइप बदलण्याचा विषय आला, तर दरपत्रकाबरोबर पाइप व तोट्या शिसेमुक्त असल्याचे लेखी प्रमाणपत्र मागा. काम झाल्यावर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पहाटेच्या, रात्रभर थांबलेल्या पाण्याचा नमुना द्या, आणि अहवाल सूचना फलकावर लावा. इमारतीत पाळणा हलणार असेल, तर हे काम त्याच्या आधी करून घ्या.